तीन जास्तीची बोंडं

चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो. एका विद्यार्थिनीला मी भर वर्गात खोटारडी म्हणालो... तिचं धड ऐकूनही न घेता.

मी जालन्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इमेज प्रोसेसिंग शिकवतो. चमत्कारांवर माझा विश्वास कधीच नव्हता. फोटो म्हणजे नुसते आकडे. आकड्यांत असेल तेवढंच बाहेर येतं — हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय.

शेवटचा प्रोजेक्ट दोघादोघांनी करायचा होता. टेंभुर्णीची मनीषा आणि तिचा जोडीदार ओंकार यांनी कापसाचा विषय घेतला. झाडाचा फोटो द्यायचा, प्रोग्राम फुटलेली बोंडं मोजणार आणि प्रत्येकाभोवती लाल गोल काढणार. मनीषाने वडिलांच्या शेतातल्या एका झाडाचा फोटो घेतला. पहिल्या तपासणीला तिने प्रिंट दिली — गोल एक्केचाळीस. मी तारखेसह सही केली आणि प्रिंट कपाटात कुलूपबंद केली.

तीन आठवड्यांनी, शेवटच्या दिवशी, तोच प्रोग्राम त्याच फोटोवर सगळ्यांसमोर चालवला. आले अडतीस. प्रिंटमधले जास्तीचे तीन गोल मी शोधले. दोन हिरव्या पानांवर होते, तिसरा तर दोन फांद्यांमधल्या मोकळ्या जागेत.

“हे तू हाताने काढलेस.”

“न्हाई सर. एकदाच चालवला, जे आलं ते छापलं.”

“ओंकार, तू होतास तेव्हा?”

“मी रिपोर्ट लिहून राह्यलो होतो, सर. आउटपुट तिचं.”

मागून कोणीतरी म्हणालं, “चित्रकला बराबर आहे तिची, सर.” वर्ग हसला. मीही हसलो... ते हसणं अजून टोचतं. मग “खोटारडीला मार्क मिळत नसतात,” म्हणून तिच्या नावापुढे शून्य लिहिलं. ओंकार पास. मनीषाचं मात्र वर्ष जाणार होतं. दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजला आली नाही.

आठवडाभराने तिच्या वडिलांचा फोन आला.

“सर, मार्काचं तुमचं तुम्ही बघा. पण एकदा येऊन झाड बघून जा. पोरीच्या अभ्यासाचं म्हणून म्या ते येचलंच न्हाई.”

मार्क पाठवायला दोन दिवस होते. प्रिंट घेतली आणि टेंभुर्णीची एसटी पकडली.

आजूबाजूच्या ओळी वेचून झाल्या होत्या. ते एकच झाड पांढरं उभं होतं. मनीषाने फोटो काढला त्या जागी रोवलेली काठी तशीच होती. तिथे उभा राहून मी कागद समोर धरला. ज्या दोन पानांवर गोल होते, तिथे आता बोंडं फुटलेली. पानाआड कच्ची बोंडं असतील, असं मी स्वतःला समजावलं. पण तिसरं? वरची एक फांदी कापसाच्या वजनाने खाली वाकली होती आणि तिच्या टोकाचं नव्याने फुटलेलं बोंड त्या मोकळ्या जागेत, बरोबर गोलाच्या ठिकाणी लोंबत होतं.

मी तीनदा मोजलं. एक्केचाळीस.

“ही फांदी कधी वाकली?”

“परवा,” वडील म्हणाले. “वारं सुटल्तं ना.”

कागदावरची माझी सही त्याच्या महिनाभर आधीची. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात.

“तुला ठाऊक होतं?” मी बांधावर उभ्या मनीषाला विचारलं.

“ठाऊक असतं तर गपचूप अडतीसच छापले असते ना, सर.”

नंतर तो प्रोग्राम मी चार कॉम्प्युटरवर चालवला. दरवेळी अडतीसच. सहकारी योगायोग म्हणतात... असेलही. प्रोग्राम चुकू शकतो, पण नेमका तिथेच कसा चुकला, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

माफी मागायला मात्र त्या उत्तराची गरज नव्हती. सोमवारी मार्क दुरुस्त केले, सगळा वर्ग बसवला, मनीषाला बोलावलं आणि उभा राहून म्हणालो, “मनीषा, मी तुला यांच्यासमोर खोटारडी म्हणालो आणि हे हसले तेव्हा मीही हसलो. तू खरं सांगत होतीस. माझं चुकलं. मला माफ कर.”