रिकामी राहिलेली जागा

बी.एस्सी. मी अकोल्यात केली, आणि कशीबशीच केली. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली मी, रोज अकोटहून एसटीने जायचे, आणि वर्गात फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत सर पुढच्या गणिताला लागलेले असायचे. पहिल्या वर्षी गणितात नापास झाले. दुसऱ्या खेपेला काठावर सुटले. त्यानंतर कुठलाही निकाल असला की आदल्या दिवसापासून अन्न जायचं नाही. रमायचे ती फक्त फिजिक्सच्या प्रयोगशाळेत. सर्किट जोडलं, मीटरचा काटा हलला, की शेवटची बस चुकली तरी चालेल असं वाटे.

बी.एस्सी. झालेल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे मला पदवीनंतर कळलं. माझे मार्क अटीपुरते होते. प्रवेशाच्या फेऱ्यांत नंबर कुठेच लागला नाही. मग अमरावतीच्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या काही जागा रिकाम्या राहिल्याचं समजलं.

बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर. जेवता जेवता म्हणाले, "बीएस्सीतच तुह्या जिवाचे एवढे हाल झाले. आता आणखी काहून?"

त्यानंतर माझा घरात पाय ठरेना. झाडू अर्धवट टाकून गच्चीवर, गच्चीवरून पुन्हा फोनकडे. शेवटी वहिनीच म्हणाली, "चाल, आपुन दोघी जाऊन पाहू." तिचं माहेर तिवशाचं, अमरावती तिला तळहातासारखी ठाऊक.

कॉलेजात विभागप्रमुखांनी मला एकटीलाच आत बोलावलं. सगळ्या गुणपत्रिका त्यांनी सावकाश पाहिल्या.

"गणितात नापास झाला होतात."

"हो, सर."

"इथे दुसऱ्या वर्षी त्याहून अवघड गणित आहे. शिवाय पहिल्या वर्षाचं ग्राफिक्स, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंग, आणि मेकॅनिक्सही तुम्हाला सोबतच द्यावं लागेल. कसं जमेल?"

"माहीत नाही, सर," मी म्हणाले. "पण सर्किटं मला समजतात."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "नियमाने जागा तुम्हाला मिळते, मी अडवू शकत नाही. पण माझं मत विचाराल तर घेऊ नका. या वाटेने आलेले बरेच जण मधेच सोडून जातात. दुपारपर्यंत सांगा."

नकार मिळाला असता तर मी रडून घरी गेले असते. इथे ठरवायचं मलाच होतं. व्हरांड्यात मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारू लागले. तहान नसताना पाणी प्यायले, परत प्यायले. मग वहिनीला म्हणाले, "चाल, परतीची बस पाहू."

"नाही म्हटलं का त्यायनं?"

"नाही. घेऊ नका म्हटलं."

"ते त्यायचं झालं. तुले काय पायजे?"

"मले भीती वाटते."

"ते दिसूनच राहिलं सकायपासून. मी काय विचारलं?"

मी परत आत गेले आणि जागा घेते म्हणून सांगितलं. सरांनी मान हलवली आणि ऑफिसातल्या बाबूकडे पाठवलं.

ते पहिलं सत्र मी जणू उभ्यानेच काढलं. सकाळी दुसऱ्या वर्षाचे तास, दुपारी ग्राफिक्सच्या वर्गात माझ्यापेक्षा लहान पोरांमध्ये ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसायचं. ती मला आधी ताई म्हणत, नंतर माझ्या चुकलेल्या रेषा खोडून देऊ लागली. वसतिगृहात पडल्या पडल्याही चित्रातल्या एखाद्या ठोकळ्याची मागची बाजू डोळ्यांपुढे आणायची धडपड चालू असे.

निकाल लागला. गणितात पास झाले होते, तेही बऱ्या मार्कांनी. ग्राफिक्सच राहिलं. बाबांना फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं आणि ते "ये घरी" म्हणतील याची वाट पाहत राहिले.

पलीकडे जिनिंगचा आवाज चालू होता. बाबा म्हणाले, "मंग त्या चित्राच्या पेपरची परीक्षा आता कधी आहे?"

पुढच्या खेपेला तो पेपर सुटला. पदवीही मिळाली, अगदी मधल्या मार्कांची. आता मी अकोल्याजवळच्या एका वीज उपकेंद्रात आहे. दुरुस्तीनंतर लाइन पुन्हा चालू करताना अजूनही मीटरचा काटा स्थिर होईपर्यंत मला खुर्चीत बसवत नाही.