चार ओळींखालचे आबा

आमच्या सावद्याकडच्या केळीवाल्यांच्या ग्रुपवर सकाळी भाव, दुपारी गाड्या आणि उरलेल्या वेळात श्रद्धांजल्या. फोटो दिसला की मीही न वाचता हात जोडून मोकळा व्हायचो.

त्या दुपारी नाल्याला अचानक पूर आला. माझे वडील, आबा, पलीकडच्या मळ्यात एकटेच. फोन बंद. फरशी पूल पाण्याखाली. मी अलीकडे हात चोळत उभा. पलीकडच्या गावातून कोणी ट्रॅक्टर काढला तरच काही होणार होतं. म्हटलं, ग्रुपवर टाकावं. ओळखू यावेत म्हणून आबांचा टोपीतला हसरा फोटो लावला. पण एकदम ‘मदत करा’ कसं लिहायचं? आपल्यात आधी मोठ्या माणसाचा मान राखतात. लिहिलं, ‘आपल्या भागातील ज्येष्ठ केळी बागायतदार, मनमिळाऊ, सर्वांचे लाडके आमचे आबा...’ पूर, मळा, ट्रॅक्टर, सगळं त्याच्याखाली.

मिनिट झालं नसेल, जोडलेले हात आले. मग ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मग रांगच लागली. एकाने विचारलं, ‘अंत्ययात्रा किती वाजता?’

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. फोनवर वरच्या चारच ओळी दिसत होत्या, बाकी सगळं ‘आणखी वाचा’च्या पोटात. ते दाबतो कोण? आणि गेलेल्या माणसासाठी ट्रॅक्टर काढतो कोण? शिव्या तरी कोणाला घालू? आपलेच दात, आपलेच ओठ.

पुन्हा लिहिलं असतं तर तेही कोणी वाचलं नसतं. आवाज रेकॉर्ड करून टाकला, “अरे मेल्यांनो, आबा जिवंत आहेत! मळ्यात अडकलेत, पाणी चढतंय! ट्रॅक्टर काढा!”

तासाभराने पलीकडून फोटो आला. ट्रॅक्टरवर आबा, चिखलाने माखलेले, चिडलेले. मी रस्त्यातच बसून रडलो.

तेवढ्यात धुळ्याहून मावशीचा फोन. आई तिच्याकडेच गेली होती. कोणीतरी आबांचा फोटो श्रद्धांजलीसकट तिकडे पाठवला होता. “बठ्ठा लिखी राहिनात रे,” मावशी हुंदके देत होती. सगळेच लिहितायत म्हटल्यावर खरंच असणार, असं तिला वाटलं. मी ओरडून सांगितलं, आबा सुखरूप आहेत. मग ट्रॅक्टरवाल्याच्या फोनवरून आबाच आईशी बोलले.

पुढचं मावशीने नंतर सांगितलं. आईने फोन ठेवला, कोऱ्या कपाळावर हात धरला आणि खाली मान घालून तिला म्हणाली, “कुकू दे वं. मी पुशी टाकेल शे.”