रिलेवाले चाचा आणि गोळीचं मशीन

रिलेवाल्या चाचांच्या सदऱ्याच्या खिशात कायम लग्नपत्रिका असायच्या, आणि त्यांतल्या एकाही लग्नाला ते गेलेले नसत. पत्रिकेच्या जाड कागदाच्या बोटभर पट्ट्या कापून ते रिलेच्या दोन चांदीच्या टोकांमध्ये घालत आणि अलगद ओढत. पट्टी काळी व्हायची. "पॉलिशपेपर लावला तर मळाबरोबर चांदी बी जाती," ते म्हणायचे. "पत्रिका मळ तेवढाच काढती." रिले म्हणजे विजेवर उघडझाप करणारे चिमुकले खटके. घाटातल्या रेल्वे सिग्नलचे असले खटके त्यांनी नोकरीभर सांभाळले, म्हणून हे नाव.

लोणावळ्याच्या आमच्या लॉजवर माझ्या वडिलांनी हौसेनं आणलेलं एक पिनबॉल होतं, काचेखाली गोळी पळवायचा खेळ. सगळे त्याला गोळीचं मशीन म्हणत. त्याच्याही पोटात रिलेच, त्यामुळे ड्युटी संपली की चाचा कामशेतला घरी जाण्याआधी आमच्याकडे डोकावायचे. दुरुस्तीची मजुरी त्यांनी कधी घेतली नाही. पाच गोळ्या खेळायचे आणि गाडी पकडायचे. हरले तर, "आज माझाच हात जड हाय," एवढंच. वडील गेले, मशीन बंद पडलं आणि वीस वर्षं मेणकापडाखाली राहिलं.

मग मी लॉजचं होमस्टे करायला काढलं. अख्खं लोणावळं करतंय, मीच मागे का राहू? चाचांना बोलावलं आणि विचारलं, मशीनवर खर्च किती घालू? सत्तरी ओलांडलेला माणूस, पण उत्तराची घाई नाही. चार शुक्रवार नमाज पढून आले, झाकण उचलून नुसतं आत बघत बसले. मग म्हणाले, "शिरू, पैसा आत घाल. वरचा रंग उडालेला राहू दे, त्यानं गोळी अडत न्हाई. आतलं झेपत न्हाई वाटलं, तर झाकून ठेव. पर आत मेलेलं आन् वर नटवलेलं, असं करू नगंस."

त्यांनी सांगितलेल्या आकड्यात नुसतं सामान होतं, मजुरी शून्य. तरी तो मला जड वाटला. त्याच सुमारास पुण्याचा एक सजावटवाला भेटला, तो निम्म्यात मशीन चकचकीत करून देणार होता. पाहुण्यांना फोटो काढायचा असतो, खेळायचं कुणाला असतं, हे शहाणपण त्याचं. मला ते लगेच पटलं, कारण स्वस्त होतं. चाचांना मात्र मी 'बघू' म्हणालो. आपल्याकडे तोंडावर 'नाही' म्हणायची लाज वाटली की माणूस 'बघू' म्हणतो.

"तू ठरव सावकाश," चाचा म्हणाले. "तवर मी मळ काढून ठेवतो." दर शुक्रवारी तास दोन तास ते मशीनमध्ये वाकलेले असत, एकेक रिले साफ करत. मी त्यांना चहा देत होतो आणि गप्प बसत होतो. रंगाचा ॲडव्हान्स तोवर देऊन झाला होता.

सजावटवाला एका बुधवारी आला. दिव्यांच्या पट्ट्यांना जागा हवी होती. "आतलं सगळं काढू का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, काढ. दोन पोती भरून भंगारात गेली. चाचांना फोन करायला दोन दिवस हाताशी होते, मी केला नाही. शुक्रवारी ते आले, झाकण उचललं, आत बघितलं आणि अलगद परत लावलं.

"छान झालंय, शेठ," ते म्हणाले. जन्मभर ते मला शिरू म्हणत आले होते. चहा न घेताच गेले आणि परत आले नाहीत. मीही गेलो नाही. ते रागावले असते तर निदान भांडता आलं असतं.

यंदा चाचा गेले. मला चार दिवसांनी कळलं, तेव्हा कामशेतला गेलो. चाचींनी आतूनच पाणी पाठवलं आणि दाराआडून बोलल्या. "तुमच्या मशीनचं लय सांगायचे. शिरूनं पैशाकडं न बघता आतनं समदं नीट करून घेतलं, बापावानी रोज खेळतो, म्हनायचे."

खोटं न बोलणारा माणूस माझी लाज झाकायला आपल्या बायकोशी खोटं बोलला होता, आणि तेही वर्षभर.

"इद्दत सरली की येते मी," चाची म्हणाल्या. "ती गोळी पळताना एकदा बघायचीय."

मी म्हणालो, "या ना, चाची."

इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरात राहायची मुदत, चार महिने दहा दिवसांची असते. त्यातले चार महिने झाले.