हमीदभाईंच्या सपरावरचे दगड

गाव सोडून जालन्याला आलो त्याला अठरा वर्षं झाली. मालकांना एमआयडीसीत काम मिळालं आणि गावाकडे जाणं लग्नकार्यापुरतंच उरलं. या वेळी मी एकटीच निघाले. नूरजहाँभाबीला भेटून येते, एवढंच घरात सांगितलं. तिला काय सांगायचं आहे ते सांगितलं नाही.

अंबडला गाडी थांबली तेव्हा भाबीसाठी मोसंब्या घेतल्या. गाडी हलली आणि पिशवी फाटली. मोसंब्या गडगडत पार ड्रायव्हरपर्यंत गेल्या. मला उठायचीही लाज वाटली. शेजारची बाई ओरडली, "पाय वर घ्या रे, बाईची बाग सांडली!" सगळी गाडी हसली, पण एकूण एक मोसंबी हातोहात परत आली.

घनसावंगीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळली. कुंभार पिंपळगावला उतरून रिक्षाने गावात गेले. वेशीजवळचा निंब तसाच होता. आम्ही गाव सोडलं त्याच वर्षी वादळात त्याचा शेंडा मोडला, मग तो आडवाच वाढला. त्याच्या सावलीला उभी राहिले आणि ते दिवस आठवले.

तेव्हा वैशाख होता. आम्ही बाया भाबीच्या दारात कुरडया करत होतो. चिकाचं मोठं पातेलं माझ्या चुलीवर बसेना. भाबीच्या सपरावर (दारापुढचा पत्र्याचा आडोसा) पत्रे उडू नयेत म्हणून दगड ठेवलेले होते. पहाटेच, कुणाला न विचारता, मी त्यातले तीन उतरवले आणि माझ्या परसात चूल मांडली. काम झालं की परत ठेवू, असं मनात होतं. चीक शिजला, कुरडया बाजेवर पडल्या आणि मी विसरले.

दुपारी आभाळ मातकट झालं. वारा असा आला की उभं राहता येईना. सपराचा पत्रा उचलला आणि भाबीचा हात कोपरापासून मनगटापर्यंत चिरत गेला. अर्ध्या तासात गावातलं एकही छप्पर धड राहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून लोक शिवारातून पत्रे शोधून शाळेच्या मैदानावर आणू लागले. कुणाचा कोणता, ते बायांनी ओळखलं. आपल्या चुलीचा धूर कुठे बसलाय, डांबराचं ठिगळ कुठे लावलंय, हे त्यांनाच ठाऊक. एका पत्र्यावरून दोन जावा भांडल्या, शेवटी तो दोघींच्या मधल्या भिंतीला लागला. मग गावाने ठरवलं, रोज एक घर उभं करायचं. पहिलं बाळंतिणीचं. ज्याचं घर असेल त्याने सगळ्यांना पिठलं-भाकरी घालायची. तशा पंगती मी पुन्हा पाहिल्या नाहीत.

पत्रे ठोकायचे हमीदभाई, भाबीचे मालक, गावचे मिस्त्री. स्वतःचं घर त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतलं. भाबी एका हाताने खिळे द्यायची आणि बोलायची, "दुनियेचे पत्रे ठोकता, अन् सोताच्या सपरावर दगड ठेवायचं ध्यानात न्हाई!"

"ठेवले होते," ते म्हणायचे. लोक हसायचे आणि त्यांना 'बिनदगडी मिस्त्री' म्हणायचे. मी तिथेच उभी असायचे. तोंडातून शब्द निघाला नाही.

निंबाखालून निघून घरी पोचले, तर भाबीने दारातच मला मिठी मारली. हातावरचा वण पांढरा पडला आहे. हमीदभाई बाजेवर बसले होते. चहा झाला. तेवढ्यात रस्त्याने जाणारा एक माणूस ओरडला, "काय बिनदगडी मिस्त्री, पावणे आले काय?"

हमीदभाईंनी मान खाली घातली. अजून तेच नाव!

"भाबी," मी म्हणाले, "ते दगड मी काढले होते. चुलीला."

भाबीने हातातली बशी खाली ठेवली. हमीदभाई ताडकन उठले. "बघ! मी काय म्हणून राह्यलो इतके दिवस?"

"तुम्ही गप बसा जरा," भाबी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अठरा वर्षं मी या माणसाला बोलले, अन् तू जालन्यात गप बसलीस?"

मी रडायला लागले. हाताला मलम लावायला पैसे देते, असलं काहीतरी बोलले.

"हाताचं सोड. हात माझा होता. इज्जत यांची गेली, अन् ती आपण दोघींनी घालवली. ऊठ. चल माझ्यासंगं."

तिने मनगट धरून मला चहाच्या हॉटेलावर नेलं. हमीदभाई मागोमाग आले. तिथे सगळे बाप्ये बसलेले. आयुष्यात मी तिथून कधी पदर न घेता गेले नव्हते. तो मघाचा माणूसही होता.

"बोल," भाबी म्हणाली.

मी पदर सावरला. "हमीदभाईंनी दगड ठेवले होते. मी काढले. वादळाच्या दिवशी."

बाप्ये हमीदभाईंकडे बघू लागले. मग तो माणूस कान खाजवत म्हणाला, "मंग मिस्त्री, आता आम्ही तुमाला चिडवायचं कशावरून?"

"तुझ्या घराच्या पत्र्यावरून चिडव," हमीदभाई म्हणाले. "तो मीच ठोकलाय. अजून हललाय का?"

हॉटेल हसलं. भाबी हसली नाही. तिने त्यांच्या टोपीवरची धूळ झटकली आणि म्हणाली, "चला आता, जेवायचं न्हाई का?"

संध्याकाळच्या गाडीने परतले. जुन्या दिवसांची आठवण काढली की मला पंगत आठवायची, आणि लगेच मन मागे सरायचं. आज पहिल्यांदा ती पंगत शेवटच्या माणसापर्यंत आठवली. त्यात हमीदभाई जेवायला बसले होते आणि मी त्यांच्या ताटात भाकरी वाढत होते.