सोडलेला फुलटॉस

माझी एक जुनी अडचण आहे. माझं खरं कुणाला खरं वाटत नाही. अकोल्याच्या मैदानावरून मी मारलेला चेंडू धावत्या पॅसेंजरच्या खिडकीतून आत गेला आणि गार्डानं तो मूर्तिजापूरला उतरवून परत पाठवला, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता मलाच त्या चेंडूवर रेल्वेचा शिक्का दिसतो. तेव्हा पुढचं वाचताना तुम्ही हसणार, हे मी धरूनच चाललोय.

मी अमरावतीच्या एका दवाखान्यात डॉक्टर आहे. दर मे महिन्यात आमचा संघ अकोल्याला सामना खेळायला जातो. कप्तान माझे शाळेतले गणिताचे सर. पन्नाशी उलटली, पण एकेरी धाव अशी चोरतात की फिल्डरनं खिसा चाचपावा. अकोल्याचा हुकमी बॉलर म्हणजे चाचा, कापडाचे व्यापारी. त्यांचा रनअप थेट आमच्या अमरावतीजवळच्या भातकुलीहून सुरू होतो, असं मी मानतो.

रिवाज असा की यजमानांनी सामन्याआधी पाहुण्यांना रोडगे खाऊ घालायचे. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे कुस्करून वर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी अशी की कानातून वाफ निघावी. याला ते पाहुणचार म्हणतात, मी कट म्हणतो. कारण त्यानंतर मैदानात कुणालाही काहीही होवो, पंचापासून पाणी देणाऱ्यापर्यंत सगळ्यांचं निदान एकच: रोडगे.

त्या दिवशी शेवटची जोडी मैदानात होती, सर आणि मी. जिंकायला सहा धावा हव्या होत्या. स्ट्राइक माझ्याकडे होता. ओव्हरच्या मध्येच सर जबडा चोळताना दिसले. मग डाव्या हाताची मूठ त्यांनी दोनदा उघडली, मिटली. मी पिचच्या मधोमध गेलो.

"सर, काय होऊन राहिलं?"

"काई नाई बे. जरा कसंसंच वाटून राहिलं. रोडगे जास्त झाले."

छातीत कळ आली, असं पेशंट सांगतो हे फक्त पुस्तकात. आमच्याकडचा माणूस 'कसंसंच' म्हणतो आणि तेवढ्यावर सगळं डॉक्टरनं ओळखायचं. पण मला घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. अकोल्याच्या मे महिन्यात घाम दिसतच नाही. निघतो तसा वाळतो, बनियनवर फक्त मिठाचे पांढरे नकाशे उरतात. आणि सरांच्या हनुवटीवरून थेंब टपकत होते. मी हात धरला. भर उन्हात तो माठासारखा ओला आणि गार लागला.

"सर, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. हे हार्टचं आहे."

"मी गेलो का मॅच गेली. तू बॉल पाय."

"मॅच गेली खड्ड्यात!"

मागून विकेटकीपर ओरडला, "डॉक्टर, मांगच्या वर्षी माया पायात गोळा आला तं तू लकवा सांगतला होता!"

सांगितला होता. गंमत म्हणून. आता ती गंमत माझ्यावरच उलटली.

"क्या डॉक्टरसाब," चाचा चेंडू पँटला घासत म्हणाले, "हार दिखी तो पेशंट भी दिख गया?"

सगळं मैदान हसलं. सरही हसले, आणि हसता हसता मध्येच श्वासासाठी थांबले. मी त्यांचा दंड धरून ओढलं, तर त्यांनी झटकून टाकलं. शाळेत छडी उगारताना दिसायचे तेच डोळे. "क्रीजवर जा," म्हणाले.

पुढचा चेंडू मी मिडऑफला ढकलला. सर निघालेसुद्धा! "नाही! नाही!" मी असा किंचाळलो की बाहेरच्या म्हशी उठल्या असतील. ते अर्ध्यातून वळले, परत पोचले आणि बॅटीवर दोन्ही हात टेकून वाकले. चेहऱ्याचा रंग विस्तवावरच्या राखेसारखा.

तेव्हा मला कळलं. हा माणूस सामना संपल्याशिवाय हलणार नाही, आणि प्रत्येक धाव त्याचं काळीज फाडणार. षटकार बसला तरी सामना संपेल, पण चुकला तर चेंडू कुठे जाईल कोण जाणे, आणि सर धावणार.

चाचा भातकुलीहून निघाले. चेंडू आला तो गुडघ्याइतका उंच, गोंडस फुलटॉस. असा चेंडू मी झोपेतही तिसऱ्या गल्लीत टाकतो. मी बॅट वर घेतली, आणि वरच ठेवली.

मागे दांड्या उडाल्याचा आवाज झाला. अकोलेकर नाचू लागले. सरांनी बॅट फेकली, "गाढवा!" म्हणाले आणि तिथेच मातीत बसले.

मी पोचेपर्यंत चाचांचं नाचणं थांबलं होतं. त्यांनी सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या दुकानाच्या व्हॅनकडे पळाले. कापडाचे गठ्ठे रस्त्यावर फेकून आम्ही सरांना आत निजवलं. वाटेत मेडिकलमधून ॲस्पिरिनची गोळी घेतली, ती मी त्यांना चघळायला लावली. रस्ताभर माझी बोटं त्यांच्या नाडीवर होती. मध्येच ती अडखळली की माझीही अडखळायची.

ईसीजीचा कागद बाहेर आला तेव्हा कुणी रोडग्यांचं नाव काढलं नाही. सरांना तसंच आत नेलं. हृदयाची बंद झालेली नळी उघडेपर्यंत चाचा माझ्या शेजारी उभे होते, बॉलिंगचे बूट घालून.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. सर उशीला टेकून बसले होते, चाचा मोसंबी सोलत होते.

"फुलटॉस होता," सर म्हणाले. आवाज बारीक, पण मार्क कापतानाचाच.

"सर, मी मुद्दाम सोडला."

"फेकू नको."

"चाचा, तुमी तरी सांगा!"

चाचांनी मोसंबीची फोड सरांच्या हातावर ठेवली. "काहे का फुलटॉस? यॉर्कर था, मियाँ. तुम्हारे बस का नहीं था."

सर हसले. या वेळी मध्येच थांबले नाहीत. मी नाडी बघण्याच्या निमित्तानं त्यांचा हात हातात घेतला. तो कोरडा होता, आणि ऊनऊन.