दोन तोंडांची पाटी

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात लिहायचं काम बाबा करतात, आणि तेही चार फुटी पत्र्यावर, ब्रशने. बाबा पेंटर आहेत. कसबा पेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पेंटर अशोक’ अशी सही असते. त्यांच्या पाटीत आजवर कुणाला चूक सापडलेली नाही. (सापडलीच तर ती गिऱ्हाइकाची असते, कारण बाबा सांगितलेलंच रंगवतात. ‘ऊसाचा ताझा रस’ अजून तसाच आहे.) अशा घरातल्या मुलाने कागदावर पेनाने काही लिहावं म्हणजे आगाऊपणाच. पण झाला प्रकार माझ्यामुळे झाला, आणि तो बाबांना सांगायला लावला तर ते माझं कौतुकच करतील. म्हणून मीच सांगतो.

घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. त्यामुळे मला सगळं येतं अशी आईबाबांची खात्री होती. कुकरची शिट्टी बिघडली, विचार मिलिंदला. शेजारच्यांच्या टीव्हीला मुंग्या आल्या, बोलवा मिलिंदला. “माहीत नाही” म्हणायची सोयच नव्हती. एकदा म्हणून पाहिलं, तर आई म्हणाली, “मग कॉलेजात करतोस काय?”

त्या वर्षांत पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते. शिवणक्लास बंद, कॉम्प्युटर क्लास सुरू. पिठाची गिरणी बंद, कॉम्प्युटर क्लास सुरू. एका ठिकाणी तर गिरणी बंद न करताच क्लास सुरू झाला होता आणि मुलं पांढरी होऊन घरी जात होती. बाबांना पाट्यांची ददात नव्हती. त्यातलाच एक ‘भरारी कॉम्प्युटर क्लास’. तो काढला होता दोन साडूंनी. थोरले जोगळेकर सर, शनिवार पेठेतले, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. धाकटे देवसाहेब, स्वारगेटजवळ राहणारे, सहा महिने अमेरिकेत राहून आलेले. (ते सहा महिने संपून बराच काळ लोटला होता, पण साहेबांचे संपत नव्हते.) क्लास दोघांच्या घरांच्या बरोबर मध्ये होता, म्हणजे कुणालाच जवळ नव्हता.

पाटी बाबांकडे आली आणि बाबांनी माझ्यासाठी शब्द टाकला. मुलगा बीएस्सी कॉम्प्युटर करतोय, बघा काही. क्लासला लॅबमध्ये बसायला माणूस हवाच होता. “दसऱ्याला उद्घाटन आहे. तोवर येऊ दे. जमलं तर ठेवू,” असं सरांनी सांगितलं. त्या संध्याकाळी आईने शिरा केला. आईची आयुष्यात एकच हौस होती: बाबांची हयात उन्हात शिडीवर गेली, तर घरातल्या एकाने तरी पंख्याखाली बसून काम करावं. तिने मला पहिला प्रश्न पगाराचा नाही, पंख्याचा विचारला.

“खुर्चीच्या बरोबर वर आहे की बाजूला?”

“बरोबर वर आहे आई.”

“मग ही नोकरी सोडायची नाही.”

आता अडचण. जोगळेकर सरांना पाटी मराठीत हवी होती. इंग्रजीत रंगवली असती तर हा प्रकार घडलाच नसता, कारण इंग्रजी अक्षरं वाचून ज्याने त्याने आपल्याला हवं ते म्हणावं. मराठीत ती सोय नाही. जे म्हणायचं तेच लिहायचं. बाबांनी ‘भरारी’ रंगवलं, ‘कॉम्प्युटर क्लास’ रंगवलं, खाली एक पेंग्विन काढला (कारण क्लासात जी कॉम्प्युटरची सिस्टिम शिकवणार होते, तिचं चित्र पेंग्विनचं. बाबांनी पेंग्विन कधी पाहिला नव्हता. तो कोट घातलेल्या कावळ्यासारखा आला) आणि ब्रश थांबवून मला विचारलं, “हां, आता याचं नाव सांग. लिनक्स का लायनक्स?”

कॉलेजात एक सर लिनक्स म्हणायचे, दुसऱ्या मॅडम लायनक्स म्हणायच्या. मी दोन वर्षं ‘ती सिस्टिम’ म्हणून काढली होती. तोंडी परीक्षेत खोकून काढली होती.

“विचारून येतो,” म्हटलं.

जोगळेकर सर म्हणाले, “लिनक्स. यात विचारण्यासारखं काय आहे?”

“नाही, काही लोक लायनक्स…”

“काही लोक चहाला ‘चाय’ही म्हणतात. आपण त्यांना क्लासात घेतो का? ज्याला नाव नीट घेता येत नाही, त्याला मी लॅबमध्ये ठेवणार नाही. बरोबर?”

“बरोबर, सर.”

देवसाहेब म्हणाले, “लायनक्स! अरे, स्टेट्समध्ये पोरं झोपेतसुद्धा लायनक्स म्हणतात. लिनक्स म्हणणारा माणूस मी काउंटरवर बसवणार नाही हां. क्लासची इमेज जाते. राइट?”

“राइट, सर.”

घरी आलो. बाबा ब्रश घेऊन तयार.

“काय ठरलं?”

“ठरलं,” मी म्हणालो, “पण दोन्ही ठरलं.”

बाबांना स्वतःला लायनक्स पसंत होतं, कारण लिनक्स पत्र्यावर तोकडं दिसत होतं. आई म्हणाली, “काहीही लिहा, पण पंखा जाता कामा नये.” आणि तेव्हा मला ती कल्पना सुचली. कॉलेजात जाऊन मला सुचलेली ती पहिलीच कल्पना, म्हणून मी फारच खूश झालो. पाटी भिंतीला सपाट लावायचीच नाही! भिंतीतून रस्त्याकडे आडवी बाहेर काढायची, दोन्ही बाजूंनी रंगवायची. जोगळेकर सर शनिवार पेठेकडून मोपेडवर येतात, त्यांना दिसेल लिनक्स. देवसाहेब स्वारगेटकडून स्कूटरवर येतात, त्यांना दिसेल लायनक्स. जिना बरोबर पाटीखाली. कामापलीकडे एक पाऊल जास्त टाकायचं नाही हा तर पुण्याचा नियमच आहे. जिना आला की दोघेही वर जाणार. पलीकडे जाऊन कोण बघतंय?

बाबा कौतुकाने माझ्याकडे बघत राहिले. “शिक्षण ते शिक्षण!” म्हणाले.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. जोगळेकर सर वर येऊन म्हणाले, “पाटी योग्य आहे.” (त्यांच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच.) देवसाहेब म्हणाले, “पर्फेक्ट!” मी पंख्याखाली बसलो. एका कानाने लिनक्स ऐकायचो, दुसऱ्याने लायनक्स. दोघे एकत्र असले की खोकायचो. आईला वाटलं पंखा बाधतोय. तिने आल्याचा काढा सुरू केला.

घोळ घातला तो चौकशीला येणाऱ्यांनी. ते दोन्ही बाजूंनी येत होते आणि दोन्ही बाजूंना जात होते! पहिल्या आल्या एक काकू, मुलीला घेऊन.

“अहो, तुमच्याकडे लिनक्स आणि लायनक्स असे दोन कोर्स आहेत ना? हिने आधी कोणता करावा?”

डाव्या केबिनमध्ये जोगळेकर सर, उजव्या केबिनमध्ये देवसाहेब, मध्ये प्लायवूड, आणि दोघांचेही कान शाबूत. ‘दोन्ही एकच’ म्हणालो असतो तर दोन्ही दारं उघडली असती. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, “आधी लिनक्स करू दे. पाया पक्का होतो.”

“आणि मग लायनक्स?”

“मग… हो. पुढचं.”

त्या काकूंनी मुलीचं नाव दोन्हीला घातलं. वर मैत्रिणीला सांगितलं. चार दिवसांत क्लासात चर्चा सुरू झाली की लिनक्स कुणीही करतं, खरी नोकरी लायनक्सला आहे. एक निवृत्त गृहस्थ येऊन विचारून गेले, “माझा नातू हुशार आहे. त्याला एकदम लायनक्सला बसवलं तर चालेल का?” मी म्हणालो, “पाहावं लागेल.” माझ्या तोंडी सरकारी भाषा आली, म्हणजे पाणी कुठवर आलं होतं बघा!

दसरा उजाडला. पाटीला झेंडूचं तोरण. दोन्ही साडू, त्यांच्या बायका (सख्ख्या बहिणी, एकाच दुकानातल्या एकाच पद्धतीच्या पैठण्या), नाव घातलेली मुलं, त्यांचे पालक, शिडी धरून बाबा, आणि नव्या साडीत पेढ्यांचं ताट घेऊन आई. फोटोग्राफरने सगळ्यांना शनिवार पेठेच्या बाजूला उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

“सगळ्यांच्या डोळ्यांवर ऊन येतंय. जरा पलीकडच्या बाजूला या बरं.”

मी म्हणालो, “ऊन चांगलं असतं.” कुणी ऐकलं नाही.

सगळे पलीकडे गेले. जोगळेकर सरांनी पाटीकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, घातला, परत पाहिलं. मग ते पाटीखालून अलीकडे आले आणि पाहिलं. त्यांच्या मागोमाग देवसाहेब आले आणि त्यांनी पाहिलं. मग दोघे परत पलीकडे गेले. देवळाभोवती घालावी तशी पाटीभोवती दोन साडूंची प्रदक्षिणा चालली होती.

“हे लायनक्स कुणी लिहिलं?”

“आधी हे लिनक्स कुणी लिहिलं ते सांगा, अण्णा!”

“शुद्ध आहे ते!”

“अमेरिकेत हसतील आपल्याला!”

“अमेरिका ही पाटी वाचायला इथे येणार आहे का?”

तेवढ्यात त्या पहिल्या काकू पुढे आल्या. “अहो, पण दोन वेगळे कोर्स आहेत ना? माझी मुलगी दोन्हीला आहे!”

थोरल्या बहिणीने धाकटीला सुनावलं, “तुझ्या नवऱ्याला अमेरिका जरा जास्तच चावलीय.” धाकटी म्हणाली, “ताई, निदान चावायला तो गेला तरी होता!” आणि दोघींनी एकसारख्या पैठण्यांचे पदर एकसारखे खोचले. रस्त्यावर गर्दी जमली. दसऱ्याला सोनं लुटायला निघालेली माणसं हे लुटायला थांबली.

जोगळेकर सर बाबांकडे वळले. “पेंटर, हा उपद्व्याप कुणाच्या डोक्यातला?”

बाबांचा चेहरा उजळला. शिडी सोडून ते पुढे आले आणि अभिमानाने म्हणाले, “आमच्या मिलिंदच्या!”

सगळी गर्दी माझ्याकडे वळली. देवसाहेब म्हणाले, “आता तूच सांग. करेक्ट काय?” जोगळेकर सर म्हणाले, “हो, सांगच.”

मी खोकलो. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणालो, “सर, दोन्ही.”

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “याला महापालिकेला उभा करा.”

आणि तेव्हा आई पुढे आली. तिने पेढ्यांचं ताट माझ्या हातात दिलं आणि कंबरेवर हात ठेवला. “अहो सर, अहो साहेब, भांडण घरी नेऊन करा, घरं आहेत तुम्हाला. काकू, कोर्स एकच आहे, पक्ष्याचा. पाटीवर काढलाय ना, तो पक्षी. दोनदा पैसे भरले असतील तर एकदाचे परत मिळतील. मुलांनो, वर चला, चपला जिन्यात ओळीने काढा. आणि तुम्ही,” हे फोटोग्राफरला, “उन्हातच काढा फोटो. डोळे मिटले तर मिटले.”

फोटो निघाला. त्यात सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत, फक्त आईचे उघडे.

त्यानंतर मला क्लासचा निरोप आला नाही. मी रोज तळमजल्यावरच्या शिंदेकाकूंच्या फोनपाशी जाऊन उभा राहायचो. काकूंनी शेवटी मला तिथेच लसूण सोलायला बसवलं. कानावर यायचं ते असं: बहिणींनी चकल्या वेगवेगळ्या तळायला नकार दिला म्हणून साडूंचं मिटलं. पाटीवरून दोन्ही नावं पुसली, कावळा तेवढा राहिला. पेठेत आता कुणी लिनक्स म्हणत नाही आणि लायनक्सही म्हणत नाही, सगळे ‘पक्ष्याचा कोर्स’ म्हणतात आणि नावनोंदणी जोरात आहे. माझं काय, ते कुणीच सांगेना.

दिवाळीच्या तोंडावर फोन वाजला. शिंदेकाकू ओरडल्या, “मिलिंद! क्लासवाले!” आई लाटणं हातात घेऊन धावत खाली आली, बाबा रंगाच्या हातांनी.

जोगळेकर सर होते. “मिलिंद, आम्ही दोघांनी एकमताने ठरवलंय. आमच्यात एकमत होणं म्हणजे काय, हे तुला माहीत आहे. तुमच्या घरातल्या माणसाला काउंटरवर कायम करायचं.”

मी म्हणालो, “सर, मी उद्यापासून…”

“तू नाही. ज्याला स्वतःचं मत आहे असा माणूस हवाय. आईंना फोन दे.”

मी फोन दिला. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एकच प्रश्न विचारला, “पंखा बरोबर डोक्यावर आहे ना?” आणि मग माझ्याकडे बघत फोनवर म्हणाली, “हो, हो. डबा मुलगा आणून देईल. कॉलेजात जातो तो, रस्ता सापडेल त्याला.”