समेआधीची खाज

डोंबिवलीच्या उत्तम परबांच्या हातात दोन गोष्टी होत्या: पखवाज आणि इसब. पखवाज वडिलांकडून आला. इसबाचं मूळ मात्र कुणाला सापडेना. शेजारी कारखान्यांच्या धुराला शिव्या घालत, बायको संचिता साबणाला. परब छातीठोकपणे सांगत, "अंगात उष्णता आहे!" आणि कोकणी माणूस उष्णतेवर जे करतो तेच करत. साखर घालून कोकम सरबत, वर गुलकंद. खाज वाढली की चमचाही वाढायचा.

डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, समेवर येण्याआधी ते चटकन कोपर खाजवून घेत. लोकांना ती अदाच वाटली! पोरंसोरं घरी नक्कल करू लागली. परबांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. एवढे भोळे नव्हते ते.

यंदा मात्र तळव्यांना भेगा पडल्या. थाप मारली की कळ थेट मस्तकात. दिवा स्टेशनजवळची बारी तोंडावर आलेली, आणि तिथे दुसरा कुणी पखवाजावर बसला तर आपली जागा कायमची गेली, हे परब ओळखून होते. घाबरून ते डॉक्टर इलेनकडे गेले.

तिने हात पाहिले, मानेवरची काळपट घडी पाहिली, सुटलेलं पोट पाहिलं, आणि रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट बघून म्हणाली, "काका, तुमचं शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालंय. डायबेटिस दारात उभा आहे. जुनाट इसब आणि हे प्रकरण बऱ्याचदा जोडीने दिसतं. कुणी कुणाला आणलं ते अजून नक्की ठरलेलं नाही. साखर किती खाता?"

"साखर? छे! मी फक्त औषध घेतो."

"कसलं औषध?"

परबांनी सांगितलं. इलेन इतकी हसली की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

मलम आलं, चालणं आलं, सरबत गेलं. गुलकंदाची बरणी संचिताने थेट माहेरी पोचवली. परबांनी तिच्याशी अबोला धरला. मलमाने म्हणा, पथ्याने म्हणा, तळवे भरून आले.

बारीत पहिली थाप अशी पडली की परबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपला हात आपल्याला परत मिळाला होता. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला, "हात साफ आहे, पण जुनी मजा नाय राहिली रे."

परबांनी ते ऐकलं. पुढच्या समेआधी, कणभर खाज नसताना, त्यांनी कोपर खसाखसा खाजवलं. लोकांनी मंडप डोक्यावर घेतला.